यादीतली रेषा : गोंदियाचा गोंड विद्यार्थी आणि एमबीएची फी

१/
एका मित्राच्या प्लास्टिकच्या फोल्डरपासून सुरुवात करतो. मित्र देवरी तालुक्यातला, गोंड. नागपूरला एमबीएला प्रवेश मिळाला होता. फोल्डरमध्ये सीईटीचे गुणपत्रक एक. बाकी सगळे जुने कागद. कोतवाल बुकाची नक्कल, पणजोबांच्या नावाचा पी-१, आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा. त्या उताऱ्यात जातीच्या रकान्यात फिकट शाईतली दोन अक्षरे : ‘गोंड’. त्याच्या दोन वर्षांच्या शुल्काचा सगळा भार या दोन अक्षरांवर होता.

२/
व्यवस्थापन शिकायला निघालेल्या मुलाला फी भरण्यासाठी पणजोबांपर्यंत का जावे लागते? याचे उत्तर शोधताना मी शिष्यवृत्तीच्या इतिहासात शिरलो आणि बाहेर आलो तो एका नकाशापाशी. आदिवासी विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा कधी आणि किती आला, हे आपण वाचतो. तो पैसा ‘आदिवासी’ म्हणून कोणाला मिळणार, हे कोणी ठरवले? गोंदियाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच निर्णायक ठरला. आजचा धागा त्याविषयी.

३/
प्रारंभ संस्थानी काळातला. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली : महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर बडोद्याची नोकरी करण्याचा करार. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. १९१८ मध्ये आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पगारातून लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी पैसे साठवू लागले. एका राजाची मर्जी आणि स्वतःची काटकसर, या दोहोंवर ते शिक्षण उभे होते.

४/
हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती अनुसूचित जातींसाठी. मर्जीच्या जागी योजना आली. आजही देशातल्या अनेक दलित-आदिवासी विद्यार्थ्यांचे महाविद्यालयीन शिक्षण याच योजनेवर चालते.

५/
आदिवासींच्या बाजूचे तेव्हाचे मोठे उदाहरण छोटा नागपूरचे. जयपालसिंह मुंडा यांना रांचीच्या शाळेचे मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांनी इंग्लंडला नेले. ते ऑक्सफर्डला शिकले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधल्या हॉकी संघाचा कर्णधार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यापुढचे आयुष्य मात्र कमी सांगितले जाते : बर्मा-शेल या तेल कंपनीतली नोकरी, मग आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टच्या अचिमोटा महाविद्यालयात वाणिज्य विषयाचे अध्यापन, आणि १९३७ मध्ये रायपूरच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्यपद. रायपूर गोंदियाहून रेल्वेने काही तासांवर. आदिवासी माणूस व्यापार शिकवतो, हे दृश्य या रेल्वेमार्गाला तेव्हाही सर्वस्वी अपरिचित नव्हते.

६/
१९४८-४९ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. पाठोपाठ राज्यघटना आली; अनुच्छेद ४६ ने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. अनुच्छेद ३४२ ने जमातींची यादी करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. ६ सप्टेंबर १९५० रोजी ती यादी निघाली. ही तारीख लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

७/
आता नकाशा उघडू. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता (स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी). यादीत ‘गोंड’ होते, परंतु विदर्भात ते सर्वत्र नव्हते. महाराष्ट्राच्या विदर्भ भागासाठी यादीची व्याप्ती अशी : अमरावती जिल्ह्यातला मेळघाट, चांदा जिल्ह्यातल्या गडचिरोली आणि सिरोंचा तहसिली, यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, वणी आणि यवतमाळ तहसिली. बस्स. भंडारा जिल्ह्याचे नाव त्यात नाही. म्हणजे देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावचा गोंड हा समाजाने गोंड, भाषेने गोंड, देवांनी गोंड. केंद्राच्या यादीत मात्र अनुसूचित जमातीचा नव्हे.

८/
हे ‘क्षेत्रबंधन’. त्याची मुळे वसाहतकाळात सापडतात. १९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिशांनी काही मुलुख ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून आखले होते. मेळघाट, बालाघाटची बैहर तहसील, चांद्याच्या जमीनदाऱ्या ही नावे त्यातली, आणि १९५० च्या यादीतही ती भेटतात. विचार असा, की खरा आदिवासी दुर्गम रानात राहतो. ज्याच्या गावाजवळून रेल्वे जाते, शेजारी भाताची शेती पिकते, तो आता इतरांत मिसळला. गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन. त्या रुळांची अशीही किंमत मोजावी लागली.

९/
प्रत्यक्षात याचा अर्थ काय? आजचा कोरची तालुका तेव्हा गडचिरोली तहसिलीत होता. देवरीला लागून असलेला. दोन्हीकडे तीच कुळे, तेच देव, तीच सोयरीक. कोरचीकडच्या मामाचा मुलगा अनुसूचित जमातीचा. देवरीकडच्या आत्याचा मुलगा नव्हे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांना माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड भाविक येतात. यात्रेला येणारा कित्येक जण कागदोपत्री आदिवासी होता. यात्रा ज्यांच्या अंगणात भरे, ते नव्हते.

१०/
पूर्ण चित्र द्यायचे तर हेही सांगायला हवे, की राज्य सरकारने अर्धा उपाय केला होता. महाराष्ट्राच्या नोकऱ्यांतल्या सात टक्के राखीव जागांच्या नोंदीत ‘विनिर्दिष्ट क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांसह अनुसूचित जमाती’ असे शब्द येत. राज्याच्या लेखी देवरीचा गोंड आदिवासी होता, दिल्लीच्या लेखी नव्हता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दिल्लीची. अन्य सवलतींतून काही पदरी पडले तर पडले. अनुसूचित जमातीचा हक्क म्हणून नव्हे.

११/
आणि हीच वर्षे भारतात व्यवस्थापन शिक्षणाच्या जन्माची आहेत. १९५३ मध्ये कोलकात्यात पहिली व्यवस्थापन संस्था, १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादची आयआयएम, १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. गोंदियातही उच्च शिक्षण याच सुमारास रुजले. बिडी व्यवसायातल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. या परिसरातल्या मुलांना विज्ञान-वाणिज्याची महाविद्यालये घराजवळ मिळाली ती अशी.

१२/
इथे क्षणभर थांबून बिडीकडे पाहू. बिडीचे पान तेंदूचे. ते रानातून येते. मे महिन्याच्या उन्हात पहाटे रानात जाऊन पाने तोडायची, घरी सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी ते मोजून द्यायचे. या श्रमात गोंड, हलबा कुटुंबांचा वाटा मोठा. पान तोडणारा, ठेकेदार, कारखानदार या साखळीत हिशेब ठेवण्याचे ज्ञान वरच्या दोन कड्यांकडे होते. १९६९ मध्ये महाराष्ट्राने वनोपजाच्या व्यापारावर कायदा करून तेंदूचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. मालक बदलला. वही अजूनही तोडणाऱ्याच्या हातात आली नव्हती.

१३/
क्षेत्रबंधन हटवण्याची चर्चा दीर्घकाळ चालली. १९६५ मध्ये लोकूर समितीने याद्यांच्या फेरविचाराचा अहवाल दिला. १९६७ मध्ये विधेयक आले, संयुक्त समितीकडे गेले; १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते रद्दबातल झाले. अखेर १९७६ चा दुरुस्ती कायदा (क्रमांक १०८) संमत झाला आणि २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. त्या दिवशी भंडारा जिल्ह्यातला गोंड केंद्राच्या यादीत अनुसूचित जमातीचा झाला. ६ सप्टेंबर १९५० रोजी सालेकसा तालुक्यात जन्मलेले मूल तोवर २६ वर्षांचे झाले होते. शिष्यवृत्तीवर शिकायचे त्याचे वय सरले होते.

१४/
पुढचा अध्याय आकड्यांचा. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या सुमारे २९.५ लाख होती. १९८१ मध्ये ती सुमारे ५७.७ लाख झाली. यातला मोठा भाग क्षेत्रबंधनामुळे बाहेर राहिलेल्यांचा होता. परंतु जमातींच्या नामसाधर्म्याचा आधार घेऊन इतरांनीही दावे केले, हा आक्षेप तेव्हापासूनचा. शंका दोन्हीकडे पसरली : ज्यांना उशिरा न्याय मिळाला ते, आणि ज्यांनी संधी साधली ते, दोघेही एकाच रांगेत उभे राहिले. या रांगेची तपासणी हाच पुढच्या अर्धशतकाचा विषय झाला.

१५/
१९९४ हे त्यातले निर्णायक वर्ष. वैद्यकीय प्रवेशातल्या जमातीच्या दाव्यावरून सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. आणि २३ नोव्हेंबरला नागपुरात विधिमंडळावर गोवारी समाजाचा मोर्चा आला. यादीत ‘गोंड गोवारी’ असे शब्द होते. गोवारींची मागणी होती की ते आपणच. चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने. यादीतल्या दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम आहे की नाही, यावर एका समाजाच्या मुलांचे शिक्षण अवलंबून होते. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, मात्र दरम्यान मिळालेल्या प्रवेशांना आणि नोकऱ्यांना संरक्षण दिले.

१६/
राज्याचा जातप्रमाणपत्र पडताळणी कायदा २००१ पासून अमलात आला. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ‘व्हॅलिडिटी’ अनिवार्य झाली. खोट्या दाव्यांमुळे खऱ्या आदिवासींच्या जागा जातात, हे दुःख खरे आहे; म्हणून पडताळणीची मागणी आदिवासी संघटनांनीच लावून धरली. अडचण दुसरीकडे आहे. अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे रहिवासाचे पुरावे मागितले जातात. हीच ती तारीख. ज्या दिवशी निघालेल्या यादीने गोंदियाच्या गोंडाला बाहेर ठेवले, त्या दिवसाआधीचा कागद त्याने आज आणायचा.

१७/
कागद अपुरे पडले तर आप्तभाव चाचणी. बोली, कुलदैवत, लग्नविधी, मृत्यूचे विधी विचारायचे आणि उत्तरे जमातीच्या ठराविक वर्णनाशी जुळतात का ते पाहायचे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही चाचणी एकमेव निर्णायक कसोटी मानता येणार नाही. मागे लोकूर समितीचे पाच निकष आहेतच. त्यातला एक ‘इतर समाजाशी संपर्काचा संकोच’. अनेक संस्थांच्या एमबीए प्रवेशात मात्र गटचर्चा आणि मुलाखत असते, तिथे संकोच दिसला की गुण गेले. एकाच मुलाने एका टेबलापुढे बुजरे असावे आणि दुसऱ्यापुढे धीट, अशी ही अपेक्षा.

१८/
हे केवळ आपल्याकडचे नाही. कॅनडाच्या १८७६ च्या इंडियन ॲक्टमध्ये अशी तरतूद होती, की मूलनिवासी व्यक्तीने विद्यापीठाची पदवी घेतली, की तिचा कायद्याने असलेला ‘इंडियन’ दर्जाच संपुष्टात यावा. तिथे शिक्षणाने ओळख काढून घेतली जात होती. इथे ओळख सिद्ध झाल्याशिवाय शिक्षणाचा पैसा मिळत नाही. दोन्हीकडे मूळ समजूत एकच : शिकलेला माणूस आणि आदिवासी माणूस हे दोन वेगळे असले पाहिजेत.

१९/
आता पैसा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जमातीसाठी केंद्र ७५ आणि राज्य २५ टक्के भार उचलते. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख. त्याहून अधिक उत्पन्न असल्यास राज्याची शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप. निर्वाह भत्त्याचे २०१० पासूनचे दर पाहा : व्यवस्थापनासारख्या पहिल्या गटातल्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला महिन्याला १,२०० रुपये. नागपुरात या पैशात महिन्याची खानावळही भागत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी राज्याने २०१६ मध्ये वसतिगृह न मिळालेल्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आणली. नागपूरसारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६० हजार ठरली.

२०/
वरच्या पायरीवरची दारेही हळूहळू उघडली. २००६ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांत साडेसात टक्के जागा अनुसूचित जमातींसाठी निश्चित झाल्या. २००७-०८ पासून नामांकित संस्थांत शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र शिष्यवृत्ती आली. तिच्या यादीत आयआयएम आहेत, वर्षाला एक हजार नव्या विद्यार्थ्यांची तरतूद आहे, आणि उत्पन्नमर्यादा सहा लाखांची. २०१५ मध्ये आयआयएम नागपुरात आले, गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटरवर. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. राज्याची स्वतंत्र योजना बरीच वर्षे दहा विद्यार्थ्यांची होती. त्यात एमबीएसाठी जागा होत्या दोन. अख्ख्या महाराष्ट्रातून दोन. पुढे योजनेतल्या एकूण जागा वाढवण्यात आल्या.

२१/
आणि कर्ज. २००१ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अनुसूचित जनजाती वित्त व विकास महामंडळ आदिवासी विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणासाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज देते. कर्ज म्हटले की हमी आली, तारण आले. ज्याच्याकडे वनहक्काचा पट्टा आहे, त्याला ती जमीन विकता येत नाही. बँकेला असे तारण रुचत नाही. म्हणून गोंदियाच्या खेड्यातल्या मुलासाठी शिष्यवृत्ती हाच खरा मार्ग उरतो, आणि शिष्यवृत्तीचे दार व्हॅलिडिटीच्या किल्लीने उघडते.

२२/
‘एमबीएच कशाला?’ असे मला एका वाचकाने विचारले होते. डॉक्टर, शिक्षक, अधिकारी समजू शकतो. व्यवस्थापन हे शहरी हौसेचे शिक्षण. याचे उत्तर तेंदूच्या फडावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि गेल्या दशकात गोंदियातल्या काही ग्रामसभांनी पानांचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. आता निविदा काढायची, व्यापाऱ्याशी भाव ठरवायचा, करार वाचायचा, जीएसटी भरायचा, मजुरीचे पैसे घरोघर पोचवायचे. १९६९ मध्ये जी वही हातात आली नव्हती, ती आता आली आहे. ती लिहिणारा गावातला हवा.

२३/
त्यातही जुनी रेषा पुन्हा आडवी येते. १९८५ च्या आदेशाने आखलेल्या महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात गोंदिया जिल्हा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे १६ टक्के लोक अनुसूचित जमातींचे असूनही नाही. त्यामुळे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा कोरचीत लागू आहे, शेजारच्या देवरीत नाही. माणूस यादीत आला. त्याची भूमी अजून बाहेर आहे. गोंदियाच्या ग्रामसभेला जे मिळवायचे ते वनहक्क कायद्याच्या बळावर, चोख कागदपत्रांनी आणि चोख हिशेबाने मिळवावे लागते. व्यवस्थापन शिकलेल्या मुलाची गरज तिथे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा अधिक आहे.

२४/
एक स्थानिक आठवण सांगून आवरतो. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली होती बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि ते हरले. शिष्यवृत्तीला सरकारी योजनेचे रूप देणारा माणूस ज्या जिल्ह्यात मते मागत होता, त्याच जिल्ह्यातला गोंड तेव्हा त्या योजनेच्या यादीबाहेर होता. दोन्ही पराभव एकाच काळातले. पहिल्याची आठवण आपण ठेवली आहे. दुसऱ्याचा उल्लेख मला जिल्ह्याच्या इतिहासावरच्या गप्पांत क्वचितच ऐकू आला.

२५/
आणि मित्र? त्याची व्हॅलिडिटी मुदत संपायला चार दिवस असताना आली. दरम्यान घरच्यांनी एक बैलजोडी विकून पहिला हप्ता भरला होता. शिष्यवृत्तीची रक्कम पुढच्या वर्षी जमा झाली, बैल परत आले नाहीत. तो आता दुसऱ्या वर्षात आहे. प्रकल्पाचा विषय विचारला तर म्हणाला, ‘आमच्या गावच्या तेंदूचा भाव.’

२६/
ज्या नागपुरात तो शिकतो, ते शहर अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. त्या शहरात शिकण्यासाठी त्याच राजाच्या समाजातल्या मुलाला आपण गोंड असल्याचा पुरावा नेऊन द्यावा लागतो. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने दाखले, पी-१, कोतवाल बुकाच्या नकला असतील तर त्या नीट जपा, त्यांचे फोटो काढून ठेवा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती साधने वाटतात. घरातल्या पुढच्या मुलीची फी कदाचित त्यातूनच भरली जाईल.

धागा समाप्त.